दुसऱ्याच्या घरातील तिजोरी



बँकेच्या तळघरातील लॉकर उघडण्यासाठी दोन किल्ल्या लागतात, हे येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिले असेल. आधी बँकेचा कर्मचारी आपली किल्ली फिरवतो, मग खातेदार आपली. कर्मचारी निघून गेल्यावर खातेदार एकटाच त्या पेटीसमोर उरतो. एकट्या बँकेला ती पेटी उघडता येत नाही आणि एकट्या खातेदारालाही येत नाही. घरातले सोने परक्याच्या इमारतीत ठेवूनही माणसाला रात्री स्वस्थ झोप लागते, त्याचे श्रेय तळघराच्या जाड भिंतींइतकेच या दोन किल्ल्यांच्या योजनेलाही दिले पाहिजे.

मात्र पेटीतील ऐवज नाहीसा झाला तर जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात बराच काळ संदिग्ध होते. आम्ही केवळ जागा भाड्याने देतो, आत काय आहे ते आम्हांस ठाऊक नसते, सबब आमच्यावर जबाबदारी नाही, अशी बँकांची भूमिका असे. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात ही भूमिका अमान्य केली आणि रिझर्व्ह बँकेस याबाबत नियम करण्यास सांगितले. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये ते नियम प्रसिद्ध झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या नोकराने केलेली लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींइतकी जबाबदारी बँकेवर राहील, असे त्यांत ठरले. म्हणजे भाडे तीन हजार रुपये असेल तर जबाबदारी तीन लाखांची. पेटीतील दागिने वीस लाखांचे असले, तरीही तीन लाखांचीच.

सोन्याच्या बाबतीत हा सारा विचार झाला, त्यासाठी न्यायालये झिजवली गेली, नियम घडले. माहितीच्या बाबतीत मात्र असा विचार न करताच माणसांनी आपला ऐवज परक्या घरी नेऊन ठेवला आहे. रुग्णालयांतील तपासण्यांचे निष्कर्ष, पतसंस्थांची खातेवही, विद्यापीठांच्या गुणपत्रिका, ग्रंथालयांच्या सूची, कुटुंबांची छायाचित्रे, हे सर्व आता बहुधा त्या त्या संस्थेच्या किंवा घराच्या चार भिंतींत नसते. ते दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर असते. तो सर्व्हर कोणाच्या मालकीचा, कोणत्या गावात, कोणाच्या देखरेखीखाली, हे विचारण्याचे प्रयोजन ठेवणाऱ्यास सहसा वाटत नाही.

‘क्लाउड’, म्हणजे ढग, हे या व्यवस्थेला मिळालेले नाव काहीसे फसवे आहे. त्यात आकाशातले काहीच नाही. ती सिमेंटची इमारत असते; तिच्यात लोखंडी मांडण्यांवर हजारो संगणक ओळीने बसवलेले असतात. त्यांची उष्णता काढून टाकण्यासाठी अखंड थंड हवा खेळवावी लागते. वीज गेली तर क्षणभर आधार द्यायला विजेऱ्या आणि नंतर चालवायला डिझेलवरची जनित्रे सज्ज असतात. भारतातील अशा इमारतींचा मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात आहे. समुद्रतळावरून येणाऱ्या अनेक केबली मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात, हे त्याचे एक कारण. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला या इमारती गोदामांहून वेगळ्या वाटणार नाहीत.

अशा इमारतीत माहिती ठेवणे चुकीचे आहे, असे मुळीच म्हणावयाचे नाही. उलट, एखाद्या लहान संस्थेच्या कोपऱ्यातील धूळ खाणाऱ्या संगणकापेक्षा ती तेथे पुष्कळ सुरक्षित असते. पहारा चोवीस तास, यंत्रे नवी, दुरुस्तीला तज्ज्ञ माणसे; हा खर्च लहान संस्थेला कधीच झेपला नसता. प्रश्न आहे तो सीमारेषेचा. सर्व्हर पुरवणाऱ्या कंपन्या आपल्या करारांत ही रेषा आखून देतात. इमारत, वीज, यंत्रे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा यांची काळजी पुरवठादाराने घ्यावयाची. कोणाला आत सोडायचे, कोणता कप्पा उघडा ठेवायचा आणि काय कुलपात ठेवायचे, हे भाडेकरूने पाहावयाचे. याला ‘सामायिक जबाबदारी’ असे म्हणतात. शब्द गोड आहे. परंतु सामायिक विहिरीचा गाळ कोण काढतो, हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

या रेषेच्या अलीकडे, म्हणजे भाडेकरूच्या बाजूला काय घडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेचे आहे. क्रेडिट कार्डासाठी अर्ज करणाऱ्यांची माहिती या बँकेने अमेझॉनच्या सर्व्हरांवर ठेवली होती. मार्च २०१९ मध्ये ती एका बाहेरच्या व्यक्तीने उतरवून घेतली. जुलैमध्ये एका त्रयस्थाने ईमेल पाठवून कळवले, तेव्हा बँकेला त्याचा पत्ता लागला. अमेरिकेतील सुमारे दहा कोटी आणि कॅनडातील सुमारे साठ लाख माणसांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि उत्पन्नाचे आकडे त्यात होते. घुसखोराने अमेझॉनची इमारत फोडली नव्हती. बँकेने स्वतःच दारावर जो पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, बसवला होता, त्याची मांडणी चुकलेली होती. बाहेरच्या माणसाने त्या पहारेकऱ्याच्या हाती जणू एक चिठ्ठी दिली आणि त्याने आत जाऊन किल्ली आणून दिली. ती किल्ली एका कप्प्याची असती तर हानी मर्यादित राहिली असती. पण पहारेकऱ्याला आवश्यकतेहून कितीतरी अधिक कप्पे उघडण्याचा अधिकार बहाल करून ठेवलेला होता. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारी नियंत्रकाने आठ कोटी डॉलरचा दंड केला, तो सर्व्हरच्या मालकाला नव्हे, बँकेला.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा दुर्लक्षित राहते. ती माहिती कूटबद्ध केलेली होती.

कूटबद्ध करणे म्हणजे मजकूर अशा रीतीने पालटून ठेवणे की, योग्य किल्ली असल्यावाचून तो कोणालाही वाचता येऊ नये. ही किल्ली म्हणजे धातूची वस्तू नव्हे, एक प्रचंड संख्या. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या मूळच्या डच भाषातज्ज्ञाने १८८३ साली एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात असे प्रतिपादन केले होते की, सांकेतिक लेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहिली पाहिजे ती केवळ किल्ली. आजही या शास्त्राचा पाया तोच आहे. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत अमेरिकेच्या मानक-संस्थेने २००१ साली ‘ए.ई.एस.’ या नावाने स्वीकारली. तिची प्रत्येक पायरी छापून प्रसिद्ध झालेली आहे, विद्यार्थी ती पाठ्यपुस्तकातून शिकतात, आणि तरीही किल्ली ठाऊक नसेल तर ती पद्धत नीट वापरून झाकलेला मजकूर उलगडण्याचा व्यवहार्य मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही.

मग कॅपिटल वनची माहिती वाचली गेली कशी? ज्या अधिकाराने कप्पा उघडत होता, त्याच अधिकाराने मजकूरही उलगडत होता. कुलूप उत्तम होते, पण किल्ली दारामागच्या खुंटीला टांगलेली होती, आणि जो दारातून आत आला त्याला ती आपोआप मिळाली. कूटलेखनाने संरक्षण मिळते ते किल्ली वेगळ्या हातात असेल तेव्हाच, ही गोष्ट जाहिरातींत कोणी सांगत नाही. ‘तुमची माहिती कूटबद्ध आहे’ एवढेच सांगितले जाते. त्यावर पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: किल्ली कोणापाशी आहे? ती पुरवठादारापाशी असेल, तर बाहेरच्या चोरापासून आणि चोरीला गेलेल्या यंत्रापासून बचाव होईल, खुद्द पुरवठादारापासून होणार नाही. ती ग्राहकाने स्वतःपाशी ठेवली, तर पुरवठादारालाही आतले वाचता येणार नाही. पण ती हरवली तर मात्र उपाय नाही. बँकेचा लॉकर साक्षीदारांसमोर पंचनामा करून फोडता येतो. ए.ई.एस.चे कुलूप फोडणारा लोहार मिळत नाही. म्हणूनच स्वतःची किल्ली स्वतःपाशी ठेवणे हा सल्ला सरसकट देण्यासारखा नाही. ज्या संस्थेत कपाटाच्या किल्ल्यासुद्धा सापडत नाहीत, तिने हा भार घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

चोरी ही झाली एक आपत्ती. परंतु माहितीच्या बाबतीत चोरीइतकीच भयंकर अशी दुसरी आपत्ती आहे, ती म्हणजे नाश. चोरीला गेलेली माहिती मालकाकडेही शिल्लक असते, हा तिचा आणि सोन्याचा फरक. नाहीशी झालेली माहिती कोणाकडेच राहत नाही. आणि येथे कोड स्पेसेस या कंपनीची हकिगत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

कोड स्पेसेसचा व्यवसाय इतरांची माहिती सांभाळण्याचाच होता. संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या मंडळींचे काम, त्याच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांसह, ही कंपनी जपून ठेवीत असे. ती स्वतः मात्र अमेझॉनच्या सर्व्हरांवर भाडेकरू होती. आपल्याकडे राखीव प्रती आहेत, संकट आल्यास सावरण्याची योजनाही तयार आहे, असे ती ग्राहकांना सांगत असे, आणि त्यात खोटे काही नव्हते. प्रती होत्याच.

१७ जून २०१४ रोजी तिच्या सर्व्हरांवर खोट्या मागण्यांचा भडिमार सुरू झाला. असे हल्ले पूर्वीही झाले होते, त्यामुळे आरंभी कोणी फारसे घाबरले नाही. पण या वेळी हल्लेखोर आणखी एका ठिकाणी पोचला होता. अमेझॉनच्या सर्व्हरांवरील आपला सारा संसार ज्या एका नियंत्रण-फलकावरून कंपनी चालवीत असे, त्या फलकाचा पासवर्ड त्याच्या हाती लागला होता. त्याने तेथे निरोप ठेवला आणि मोठ्या रकमेची मागणी केली. कंपनीच्या माणसांनी पासवर्ड बदलून ताबा परत मिळवण्याची खटपट केली. परंतु हे होणार, हे जाणून हल्लेखोराने आधीच स्वतःसाठी आणखी काही चोरवाटा तयार करून ठेवल्या होत्या. आपल्याला हुसकण्याचा प्रयत्न चालला आहे हे दिसताच तो दिसेल ते पुसत सुटला. सर्व्हर गेले, माहितीचे कप्पे गेले, यंत्रांच्या मांडणीच्या नोंदी गेल्या. आणि राखीव प्रतीही गेल्या, कारण त्या त्याच फलकावरून दिसत होत्या आणि त्याच फलकावरून पुसता येत होत्या. पूर्ण ताबा परत मिळेपर्यंत बारा तास गेले. तोवर बहुतेक सर्व नष्ट झाले होते. ग्राहकांचे पैसे परत करण्याचा आणि गेलेल्या विश्वासाचा भार सोसून धंदा पुढे चालवणे शक्य नाही, असे जाहीर करून कंपनीने दार लावले.

या कंपनीपाशी प्रती नव्हत्या असे नाही. प्रतींची जागा वेगळी नव्हती असेही नाही. हात एकच होता. एका पासवर्डाने मूळही पुसता येत होते आणि प्रतही. लॉकरच्या दोन किल्ल्यांची आठवण येथे होते. राखीव प्रतीचा विचार करताना माणसे ‘ती कोठे आहे’ असे विचारतात. त्याआधी ‘ती पुसण्याचा अधिकार कोणाला आहे’ असे विचारावयास हवे. मूळ पुसणाऱ्याला जी प्रत पुसता येते, ती वेगळी प्रत म्हणण्यास पात्र नाही, मग ती शेजारच्या खोलीत असो की सातासमुद्रापलीकडे.

एका पासवर्डावर विसंबण्याची ही सवय दहा वर्षांनंतरही सुटलेली नव्हती. २०२४ साली स्नोफ्लेक या कंपनीकडे माहिती ठेवणाऱ्या संस्थांवर लागोपाठ हल्ले झाले. सुमारे १६५ संस्थांना धोका पोचला असण्याची शक्यता तपासकर्त्यांनी वर्तवली. स्नोफ्लेकची यंत्रणा फोडली गेल्याचा पुरावा तपासात मिळाला नाही. ग्राहक-संस्थांच्या माणसांचे पासवर्ड त्यांच्या स्वतःच्या संगणकांतून पूर्वीच चोरीस गेले होते, काही तर २०२० पासून चोरबाजारात पडून होते. कोणी ते बदलले नव्हते. पासवर्डानंतर भ्रमणध्वनीवर येणारा आकडा किंवा तत्सम दुसरी खूण मागण्याची सोय त्या खात्यांवर लावलेली नव्हती. ही सोय उपलब्ध होती, तिला वेगळे पैसे पडत नव्हते. रोज एक आकडा जास्त टाकण्याचा कंटाळा, याखेरीज दुसरे कारण शोधणे कठीण आहे.

आता सीमारेषेच्या पलीकडे, पुरवठादाराच्या बाजूला वळू. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ऱ्हाइन नदीच्या काठी ओ.व्ही.एच. या कंपनीच्या सर्व्हरांच्या इमारती आहेत. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर त्यांपैकी एका पाच मजली इमारतीस आग लागली आणि ती पूर्ण जळून गेली. शेजारच्या इमारतीतील बारांपैकी चार खोल्याही गेल्या. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. तेथे आपोआप पाणी फवारून आग विझवणारी यंत्रणा नव्हती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले. लक्षावधी संकेतस्थळे त्या रात्री बंद पडली. त्यांतील पुष्कळांना आपली माहिती ढगात आहे म्हणजे सर्वत्र आहे असे वाटत होते. ती एका विवक्षित इमारतीच्या विवक्षित मजल्यावर होती. एका ग्राहकाने तर राखीव प्रतीसाठी वेगळे पैसे मोजले होते, आणि ती प्रत मूळ माहितीपासून अलग जागी राहील असे करारात म्हटले होते. प्रत्यक्षात ती त्याच इमारतीत होती आणि मूळ माहितीसोबतच जळाली. जानेवारी २०२३ मध्ये लिल येथील व्यापारी न्यायालयाने त्या ग्राहकास एक लाखाहून अधिक युरो भरपाई देण्याचा आदेश दिला. पुरवठादारांच्या करारांत जबाबदारीची मर्यादा बहुधा भरलेल्या शुल्काशी बांधलेली असते, हे ध्यानात घेता हा निकाल लक्षणीय म्हटला पाहिजे. पण भरपाईने माहिती परत येत नाही.

आग केवळ खाजगी कंपन्यांनाच लागते असे नाही. दक्षिण कोरियाची राजवट संगणकाच्या वापरात जगात अग्रेसर मानली जाते. तिच्या सरकारी सर्व्हरांचे एक मुख्य केंद्र देजॉन शहरात आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री तेथे पाचव्या मजल्यावरील लिथियम विजेऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. ती पूर्ण विझण्यास सुमारे बावीस तास लागले. सहाशेहून अधिक सरकारी सेवा एकदम थांबल्या. ९६ यंत्रणा प्रत्यक्ष जळाल्या. त्यांत ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा एक साठा होता. सरकारी अधिकाऱ्यांनी आपले काम कार्यालयातील संगणकावर न ठेवता या सामायिक साठ्यात ठेवावे, अशी योजना २०१८ पासून होती. हेतू चांगलाच होता: टेबलावरच्या संगणकातून कागद फुटू नयेत, बदली झाली तरी काम मागे राहावे. प्रत्येकाला ३० गिगाबाइट जागा दिलेली होती आणि सुमारे सव्वा लाख अधिकारी तिचा वापर करीत होते. एकूण साठा ८५८ टेराबाइट. त्याची बाहेर कोठेही प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्याने आणि त्याची यंत्रणा त्या जातीची असल्याने बाहेर प्रत ठेवणे शक्य झाले नाही, असे स्पष्टीकरण देण्यात आले.

सर्वांत अधिक हानी झाली ती सरकारी नोकरभरती व सेवाविषयक कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाची, कारण नियमाचे पालन सर्वांत काटेकोरपणे त्यानेच केले होते. तेथे सर्व काम जी-ड्राइव्हमध्येच ठेवावे असा दंडक होता. ज्या खात्यांतील माणसांनी नियम थोडासा वाकवून कागद इकडेतिकडे ठेवले होते, ती तुलनेने सावरली. आज्ञाधारकपणाला अशी शिक्षा मिळावी, हे विचित्रच आहे. परंतु नियम लिहिणाऱ्याने अर्धाच नियम लिहिला होता. एके ठिकाणी ठेवा, एवढे सांगितले होते. दुसरीकडे प्रत ठेवण्याचे काम कोणाचे, ते लिहिले नव्हते. अंतिम मंजुरीचे दस्तऐवज वेगळ्या प्रणालीत गेलेले असल्याने ते वाचले. गेले ते टिपणे, मसुदे, अर्धवट हिशेब, वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार. ते जुन्या ईमेलांतून, संगणकांत चुकून राहिलेल्या फायलींतून आणि छापील कागदांतून पुन्हा जुळवण्याचे काम अधिकाऱ्यांच्या वाट्याला आले.

प्रसंग असाच बिकट, पण शेवट वेगळा, अशी एक घटना त्याआधीच्या वर्षी ऑस्ट्रेलियात घडली. युनिसुपर हा तेथील मोठा निवृत्तिवेतन निधी. सहा लाखांहून अधिक सभासद आणि सुमारे १२५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची मालमत्ता. त्याची माहिती गुगलच्या सर्व्हरांवर होती, तीही दोन वेगवेगळ्या ठिकाणी. मे २०२४ मध्ये ती दोन्ही ठिकाणांहून नाहीशी झाली. घुसखोर नव्हता, आग नव्हती. गुगलच्या कर्मचाऱ्यांनी निधीची यंत्रणा उभारताना एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा सोडला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्राने ‘मुदत एक वर्ष’ असा लावला आणि वर्ष भरताच, ग्राहकास पूर्वसूचना न देता, सारे पुसून टाकले. दोन ठिकाणच्या प्रती एकाच खात्याखाली होत्या. खाते गेले, दोन्ही गेल्या. येथे पुन्हा तोच एक हात. मात्र या निधीने आणखी एक प्रत गुगलशी संबंध नसलेल्या दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवली होती. तिच्या आणि गुगलच्याच दुसऱ्या साठवणीतील काही प्रतींच्या साहाय्याने सुमारे दोन आठवड्यांत व्यवहार पूर्ववत झाला. सभासदांचा पैसा बुडाला नाही. दुसऱ्या पुरवठादाराला दरमहा पैसे का द्यावेत, असा प्रश्न त्या निधीच्या हिशेबनिसांनी त्याआधी कधी काढला असेल, तर त्यांना उत्तर मिळाले.

‘वेगळा हात’ हा विचार सर्वांत दूरवर नेला तो एस्टोनिया या बाल्टिक राष्ट्राने. २००७ साली या देशाच्या बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी खाती यांच्या सर्व्हरांवर कित्येक आठवडे हल्ले झाले होते. शेजार मोठा आणि बेभरवशाचा. उद्या भूमीच परक्याच्या ताब्यात गेली तर जमिनीची मालकी आणि लोकसंख्येची नोंद कोठे शोधायची, असा प्रश्न त्या देशापुढे होता. २०१७ साली त्याने लक्झेंबर्गशी करार केला आणि तेथील एका केंद्रात आपल्या महत्त्वाच्या दप्तरांच्या प्रती ठेवल्या. त्या जागेला दूतावासासारखे संरक्षण आहे; लक्झेंबर्गच्या अधिकाऱ्यांनाही एस्टोनियाच्या अनुमतीवाचून तेथे प्रवेश नाही. घर परक्याचे, किल्ली स्वतःची, आणि दोघांमध्ये लेखी करार.

भारतात हा विषय कायद्याच्या कक्षेत आता कोठे येऊ लागला आहे. सर्व्हरवर झालेल्या घुसखोरीची वर्दी सहा तासांच्या आत द्यावी आणि कोण केव्हा आत आले याच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात, असा आदेश ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढला. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. या कायद्यातील एक कलम लॉकरच्या खटल्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. लोकांची माहिती गोळा करणारी संस्था ती सांभाळण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवू शकते. जबाबदारी मात्र सोपवू शकत नाही. वाजवी सुरक्षा राखण्यात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रुग्णालयाने रुग्णांचे कागद कोणाच्याही सर्व्हरवर ठेवोत, रुग्णाला उत्तर देण्यास रुग्णालयच बांधील राहणार. हे योग्यच म्हटले पाहिजे; रुग्णाने करार केला तो रुग्णालयाशी, सर्व्हरच्या मालकाचे नावही त्याला ठाऊक नसते.

एखादे तालुक्याचे ग्रंथालय किंवा लहान पतसंस्था यांतून काय घेऊ शकेल? पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक साधा नियम आहे: प्रती तीन, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक वेगळ्या गावी किंवा निदान वेगळ्या इमारतीत. कोड स्पेसेसची हकिगत ऐकल्यावर त्यात एवढीच भर घालावी लागते की, एक प्रत अशी असावी जिला सर्व्हरच्या पासवर्डाने हात लावता येणार नाही. पाचसहा हजार रुपयांची हार्ड डिस्क, महिन्यातून एकदा संगणकाला जोडून, प्रत झाल्यावर काढून, कपाटात ठेवली, तर दूरवरच्या कोणत्याही घुसखोराला ती पुसता येत नाही. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड ग्रंथपालाकडे आणि दुसरी खूण मागणारा भ्रमणध्वनी कार्यवाहांकडे, अशी वाटणी करता येते. थोडी गैरसोय होईल, बँकेतही कर्मचारी किल्ली घेऊन येईपर्यंत थांबावेच लागते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करावे. निरोपसमारंभाला हार आणायची आठवण सर्वांना राहते, ही गोष्ट मात्र राहून जाते.

आणि प्रत घेतली म्हणजे काम संपले असे नव्हे. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तिमाहीतून एक दिवस ठरवून, कोऱ्या संगणकावर त्या प्रतीतून सदस्यांची नोंदवही किंवा खात्यांचे एखादे पान परत उभे करून पाहावे, छापील वहीशी दहावीस नोंदी ताडून घ्याव्यात. किती वेळ लागला, कोणती फाइल उघडली नाही, आणि किल्ली कोणाकडे सापडली, हे तारीख घालून दप्तरात लिहावे व त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.